नियमगिरीचे मोल



निसर्ग माणसाला पाणी, सुपीक माती, स्वच्छ हवा, सरपण, वनौषधी असे जे जे देतो, त्याला अर्थशास्त्राच्या परिभाषेत ‘परिसंस्थेच्या सेवा’ असे नाव मिळाले आहे. या संज्ञेचे भाषांतर करताना मी नेहमीच थोडा अडखळतो. सेवा म्हटली की सेवक आला, आणि सेवक आला की त्याचे वेतन ठरविणे ओघानेच आले. परंतु ज्यांचे जीवन या देण्यांवर चालते, ती माणसे त्यांचे मोल कसे करतात? या दृष्टीने ओडिशातील नियमगिरीचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे.

रायगडा आणि कलाहंडी या जिल्ह्यांत पसरलेल्या या डोंगररांगेच्या माथ्यावर सुमारे सात कोटी टन बॉक्साइट असल्याचा अंदाज आहे. ॲल्युमिनियमसाठी ते खणून काढण्याची योजना होती. बॉक्साइटचा हा थर सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी शोषून घेतो आणि पुढे झऱ्यांवाटे हळूहळू सोडतो. वंशधारा नदीचा उगम याच डोंगरांत आहे. उतारांवर राहणारे डोंगरिया कोंध आदिवासी हळद, आले, अननस, फणस यांचे उत्पन्न घेतात व आठवड्याच्या बाजारात विकतात. हा डोंगर म्हणजे नियमराजा या देवाचे स्थान, आणि वन राखण्याचे नियम त्यानेच घालून दिले, अशी त्यांची श्रद्धा आहे. अर्थशास्त्र ज्याला सेवक मानते, त्याला ही माणसे राजा म्हणतात.

१८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, २००६ च्या वनहक्क कायद्याच्या आधारे, हा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये, जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमक्ष, बारा गावांच्या सभा भरल्या. बाराही सभांनी खाणीला एकमताने नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारनेही परवानगी नाकारली.

आकडेमोड निरुपयोगी आहे, असे मला सुचवावयाचे नाही. दूर राजधानीत बसून निर्णय घेणाऱ्यांना पटवावयाचे, तर आकडे हवेतच. परंतु ज्यांचे पाणी त्या डोंगरातून येते, त्यांना विचारण्यापूर्वी मांडलेला हिशोब अपुराच होय. आणि त्यांचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर ते मानण्याची तयारीही विचारणाऱ्याने ठेवली पाहिजे.