दुसऱ्याचं मूल सांभाळणाऱ्यांसाठी

आई अपघातात गेली, वडिलांनी दुसरं घर केलं आणि आठ वर्षांची पोर मावशीकडे राहायला आली. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत असं एखादं घर असतं. मावशी तिला शाळेत घालते, ताप आला की रात्रभर उशाशी बसते, दिवाळीला आपल्या लेकींबरोबर तिलाही कपडे घेते. सरकारकडे यासाठी काही मागावं, हे मात्र तिच्या मनात येत नाही. आपल्याच बहिणीचं लेकरू, त्याचे कसले पैसे घ्यायचे, असं तिला मनापासून वाटतं. पण अशा मुलांसाठी सरकार जे अनुदान देतं, ते असतं मुलीच्या वह्यांसाठी, दुधासाठी, औषधांसाठी. त्यावर हक्क मुलीचा आहे, आणि तो मावशीच्या संकोचामुळे बुडतो.

हे अनुदान देणारी राज्याची योजना आज ‘क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना’ या नावानं चालते. अनाथ मुलं, आई किंवा वडील गमावलेली मुलं, पालक तुरुंगात आहेत किंवा दुर्धर आजारानं खचले आहेत अशी मुलं, साऱ्यांना अठरा वर्षांपर्यंत ती लागू होते. एकेकाळी महिन्याला ४२५ रुपये मिळत. पुढे ११०० झाले आणि एप्रिल २०२३ पासून २२५०. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’मध्ये हीच मदत दरमहा ४००० रुपये आहे. वाढत्या वयाच्या मुलाचा खर्च पाहता ही रक्कम मोठी नाही, पण मजुरीवर चालणाऱ्या घरात महिन्याचा किराणा तिच्यातून निघतो.

अडतं ते कागदांपाशी. मुलाचं आणि पालकाचं आधार कार्ड, शाळेचा बोनाफाईड, तलाठ्याकडचा उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, पासबुकाची झेरॉक्स. शिवाय पालकानं मुलाला शेजारी घेऊन आपल्या घरासमोर काढलेला फोटो. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जातो, घरी चौकशी होते आणि बालकल्याण समिती आदेश काढते. ज्या बाईची एका खेपेत दिवसाची मजुरी बुडते, तिच्यासाठी हे फार आहे. गावातल्या अंगणवाडीताईनं किंवा शाळेतल्या गुरुजींनी फाईल तयार करून दिली, तर अर्धं काम तिथंच होतं. मंजुरीनंतरही हप्ते थकल्याच्या तक्रारी राज्यात वेळोवेळी झाल्या आहेत. शाळेचा खर्च जूनमध्ये येतो, तेव्हा दिवाळीनंतर हातात पडलेला हप्ता उसनवारी फेडण्यातच जातो.

नात्यात सांभाळणारं कुणीच नसलेल्या मुलांनाही घर मिळू शकतं. बाल न्याय कायदा २०१५ नुसार बालगृहातलं मूल समितीच्या आदेशानं परक्या कुटुंबात वाढू शकतं. हे दत्तक नव्हे. खरे आईवडील असतील, तर समितीच्या परवानगीनं ते मुलाला भेटू शकतात. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी अविवाहित, विधवा, घटस्फोटित अशा एकट्या व्यक्तींनाही ही वाट मोकळी केली. एकट्या पुरुषाकडे मुलगी मात्र देत नाहीत. दोन वर्षं सांभाळल्यावर दत्तकाचा विचारही करता येतो. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. समितीनं दर महिन्याला अशा घराची पाहणी करावी, असं कायदा सांगतो. ती पाहणी करणाऱ्यानं नुसती वही भरू नये. रात्री दचकून उठणाऱ्या, खाणं लपवून ठेवणाऱ्या मुलाशी कसं वागावं, हे सांगणारं माणूस त्या घराला हवं असतं.

अठरा पूर्ण झाली की अनुदान थांबतं, आणि मूल तेव्हा जेमतेम बारावीत असतं. इंग्लंडमध्ये २०१४ पासून अशा मुलांना एकविसाव्या वर्षापर्यंत त्याच घरी राहता येतं आणि सांभाळणाऱ्यांना मदतही चालू राहते. आपल्याकडे तशी सोय व्हायलाच हवी. महाराष्ट्रानं २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आणलं. नातेवाइकांकडे वाढलेल्या अनाथ मुलांनाही पुढे त्यात सामावून घेतलं गेलं. त्यासाठी लागणारं अनाथ प्रमाणपत्र सांभाळणाऱ्यांनी मूल शाळेत असतानाच काढून ठेवावं.

अर्ज कुठं द्यायचा हे कळत नसेल, तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी दिवसरात्र सुरू असते आणि फोनला पैसे पडत नाहीत.