वाख, लोकर आणि घरातील मुले
(ढोकी येथे शेतकरी कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोयाबीन आणि तुरीविषयी आपण नेहमीच बोलतो. आजचा विषयही शेतातलाच आहे, पण तो उत्पादनवाढीचा नाही. अंबाडीचा वाख आणि मेंढीची लोकर घरातील मुलांच्या हाती कशी द्यावी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

ढोकीहून तेर जवळच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात तगर, म्हणजे आजचे तेर, येथून गाड्या भरून कापड भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. तेरचे लामतुरे पुराणवस्तू संग्रहालय मुलांना एकदा जरूर दाखवावे. त्याच परिसरात आज बैलाचा कासरा नायलॉनचा असतो आणि तोही बाजारातून येतो. नायलॉनला माझा सरसकट विरोध नाही. तो पाण्यात कुजत नाही, विहिरीवर तो खुशाल वापरावा. परंतु जनावराच्या मानेला तो काचतो, आणि त्याचे तुकडे उकिरड्यात वर्षानुवर्षे तसेच राहतात. वाखाचे जुने दावे मात्र शेणखतात मिसळून जाते.

पूर्वी ज्वारी-तुरीच्या कडेने अंबाडीच्या दोन ओळी असत. पाला भाजीला, बोंडे चटणीला आणि सालीचा वाख दोरासाठी. सोयाबीन आल्यावर या ओळी गेल्या. पहिला पाऊस झाल्यावर बांधाकडेने दोन ओळी पुन्हा टाकाव्यात. बी दाट पेरावे, म्हणजे झाडाला फांद्या फुटत नाहीत आणि वाख लांब निघतो. साधारण निम्म्या झाडांना फुले लागली की कापणी करावी. बोंडे पक्व होऊ दिल्यास वाख राठ होतो. कापलेल्या झाडांच्या मनगटाएवढ्या पेंढ्या बांधून दोन-तीन दिवस उभ्या ठेवाव्यात, पाला गळून पडतो. नंतर त्या जुन्या हौदात किंवा पिंपात पूर्ण बुडतील अशा ठेवून वर दगड ठेवावा. वजनासाठी माती टाकू नये, वाख काळा पडतो. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा माशांचा तलाव यासाठी मुळीच वापरू नये. आठव्या दिवसापासून रोज एक काडी काढून पाहावी. साल बोटाने सहज सुटली की कुजणे पुरे झाले. जास्त दिवस ठेवल्यास वाखाचा दम जातो. हे रोजचे पाहणे मुलांकडे द्यावे, मात्र हौदाजवळ त्यांना एकटे सोडू नये. पाण्याला वास येतो, मुले नाके मुरडतात, मुरडू द्यावीत. सुटलेला वाख स्वच्छ पाण्यात धुऊन वाळवावा आणि राहिलेल्या सणकाड्या चुलीला वापराव्यात.

आता वळण्याचे. मुलाला हातभर वाख द्यावा आणि एकाच दिशेने पीळ देत राहण्यास सांगावे. पीळ घट्ट झाला की मध्यावर दुमडून सोडावे. दोन्ही पदर आपोआप उलट दिशेने एकमेकांभोवती गुंडाळले जातात. पदराचा पीळ उजवीकडे आणि दोराचा डावीकडे असल्याने दोन्ही एकमेकांना उलगडू देत नाहीत. दोर टिकण्याचे सगळे शास्त्र एवढेच आहे, आणि ते फळ्यावर सांगून कळत नाही. लांब तीनपदरी दोरास किमान तीन-चार माणसे लागतात, म्हणून हे काम घरातल्या सर्वांनी मिळूनच करावे लागते. यंदाच्या अंबाडीचा वाख पोळ्यानंतर निघेल. त्याची म्होरकी पुढच्या पोळ्याला मुलांनी स्वतः बैलाला बांधावी.

लोकरीसाठी फार लांब जावे लागत नाही. सुगीनंतर आपण शेतात खतासाठी मेंढ्या बसवतो. आपल्याकडील दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. तिची लोकर जाड, बहुधा काळी; वर्षाला सुमारे अर्धा किलो मिळते. तिला भाव नसल्याने पुष्कळ ठिकाणी कातरलेली लोकर टाकून दिली जाते. मेंढपाळास योग्य पैसे देऊन दोन किलो घ्यावी. कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, मिळाल्यास उत्तम. ती मऊ असते. लोकर निरोगी, जिवंत मेंढीचीच असावी. मेलेल्या जनावराची लोकर कधीही घेऊ नये, कारण काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स हा रोग लोकरीतून माणसाला होतो. कच्ची लोकर घरात झटकू नये. गोखरू आणि कुसळे नाका-तोंडाला फडके बांधून मोठ्यांनी अंगणात काढावीत. नंतर रिठ्याच्या कोमट पाण्यात लोकर भिजवून हलकेच दाबावी, चोळू नये. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि चोळणे यांनी ते एकमेकांत अडकतात आणि लोकर घट्ट होते. याच गुणावर बुरणूस तयार होतो. लहान मुलांनी मुद्दाम साबण लावून मूठभर जावळाचा चेंडू वळून पाहावा.

थोड्या मोठ्या मुलांना टकळी द्यावी. १९३७ मध्ये वर्ध्याला नयी तालीमचा विचार मांडला गेला, तेव्हा टकळी शाळेत आली, पण पुढे ती केवळ गुणांपुरती उरली. बांबूची वीतभर काडी आणि करवंटीची चकती एवढ्यात ती घरी होते. पहिल्या आठवड्यात सूत तुटतच राहील, त्याबद्दल मुलांना रागावू नये. हे काम फक्त मुलींवरही टाकू नये. सूत जमू लागले की बैलाचे गोंडे करावेत. घोंगडीचा माग आणि ताण्याला लावायची चिंचोक्याची खळ हे जाणत्या सनगराकडे जाऊनच पाहिले पाहिजे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. दोर मातंग समाजाने वळावा, लोकर धनगर-सनगरांनी हाताळावी, अशी वाटणी आपण केली. बाकीच्यांनी त्या कामाला हात लावला नाही. ज्यांच्या घरी ही विद्या होती, त्यांच्या मुलांनी अवहेलना नको म्हणून ती सोडली. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. गावातल्या एखाद्या जाणत्या आजोबांना शिकवायला बोलवाल तेव्हा त्यांना मानाने ओसरीवर बसवा आणि दिवसाची पुरी मजुरी द्या. मोफत शिकवण्याची अपेक्षा करू नका. हे जाणणारी माणसे आता वयस्क झाली आहेत.

यातून उत्पन्न किती, असे कोणी विचारील. दोन ओळींच्या अंबाडीतून घरचे दावे, कासरा आणि शिंकी होतील. यापेक्षा अधिक आशा मी दाखवणार नाही.

कापणीच्या वेळी कडेची चार-पाच झाडे बियांसाठी राखावीत. बोंडे पूर्ण वाळली की बी झोडून राखेत घालून ठेवावे, आणि शेजाऱ्यास मूठभर द्यावे.