बाळंतिणीच्या खोलीतला अभ्यास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण करण्याची मला सवय नाही. मंडळात माझे काम मसाल्याचा आणि कोकमाचा हिशेब ठेवण्याचे. पण आमच्या धाकटीने वैमानिकाची वरची लेखी परीक्षा दिली, तिच्याविषयी चार शब्द सांगा, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला. मुलीचे कौतुक मी करणार नाही. ते तुम्ही सगळ्यांनी आधीच भरपूर केले आहे. मी माझी चूक सांगणार आहे.

विमान आपल्याला आता नवे राहिलेले नाही. 9 ऑक्टोबर 2021 रोजी कर्लीच्या खाडीपलीकडे चिपीच्या सड्यावर विमानतळाचे उद्घाटन झाले. पण विमान चालवणारे माणूस कसे तयार होते, हे मला ठाऊक नव्हते. मुलगी सहवैमानिक झाली, कर्जाचे हप्ते फिटू लागले, म्हणजे शिकणे संपले, अशी माझी समजूत. तसे नसते. 200 तासांच्या उड्डाणानंतर आणि परीक्षांनंतर मिळतो तो व्यावसायिक परवाना. त्यावर उजवीकडच्या खुर्चीत बसता येते. डावीकडच्या खुर्चीत, म्हणजे कप्तान म्हणून बसायचे, तर विमान कंपन्यांत त्याहून वरचा परवाना लागतो. त्यासाठी 1500 तासांचे उड्डाण हवे, आणि पुन्हा लेखी पेपर: दिशाशास्त्र, रेडिओची साधने व उपकरणे, हवामान. परीक्षा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरे दिलेली, त्यांतले बरोबर ते निवडायचे. ऐकायला सोपे वाटते. पण 100 पैकी 70 गुण हवेत. 69 म्हणजे नापास.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, ती कपड्यांच्या बॅगेबरोबर पुस्तकांची एक पेटी घेऊन. वहीच्या पहिल्या पानावर एक नाव लिहिले होते, सौदामिनी देशमुख. मी विचारले, ही कोण गो? तेव्हा तिने सांगितले. 1985 साली इंडियन एअरलाइन्सचे एक फोकर विमान कलकत्त्याहून सिल्चरला गेले, त्यात दोन्ही खुर्च्यांवर बायका होत्या. कप्तान सौदामिनी देशमुख आणि सहवैमानिक निवेदिता भसीन. मी ऐकून घेतले आणि अळिवाची खीर ढवळायला गेले.

बारसे झाले. बाळ रात्री जागे, आणि बाळ निजले की ही दिव्यापाशी बसे. आपल्याकडची रीत तुम्हांला ठाऊकच आहे. बाळंतिणीने कानाला फडके बांधावे, शेक घ्यावा, डोळ्यांना ताण देऊ नये. एके दिवशी ती न्हायला गेली असता मी पेटी उचलून माळ्यावर टाकली. म्हटले, तीन महिने काही बिघडत नाही. ती भांडली नाही. मोबाईलवर जमेल तेवढे वाचत राहिली आणि मुंबईला जाऊन परीक्षा देऊन आली. हवामानाचा पेपर सुटला. दिशाशास्त्रात 66 गुण पडले.

तिने मला बोल लावला असता तर बरे झाले असते. मी स्वतःच माळ्यावर चढले.

त्या दिवसापासून पहाटे 4 ते 7 बाळ माझे. आणि दुपारी तिच्यासमोर बसून मी प्रश्न वाचून दाखवीत असे. माझे इंग्रजी दहावीचे, तेव्हा माझे उच्चार ऐकून ती हसत असे. पण एक गणित मला आले, ते सांगते. साऱ्या देशाचे घड्याळ 82 अंश 30 मिनिटे पूर्व रेखांशावर लावलेले आहे. आपले मालवण साडेत्र्याहत्तर अंशांवर. फरक 9 अंशांचा, दर अंशाला 4 मिनिटे, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या 36 मिनिटे मागे. पुस्तक हे विचारते आणि मुली चुकतात. वजा करायचे ते मिळवतात. पण भटजींनी बाळाची पत्रिका मांडताना माझ्यासमोरच जन्मवेळेतून ही मिनिटे वजा केली होती! त्या दिवशी ते पुस्तक मला परके वाटेनासे झाले.

तिचे खरे अडले होते ते परतीच्या बिंदूवर. प्रश्न असा की विमानात 6 तासांचे इंधन आहे. जाताना वारा समोरून, म्हणून वेग ताशी 400 मैल. येताना तोच वारा पाठीवर, म्हणून 500. किती वेळ पुढे गेल्यावरही निघाल्या ठिकाणी परतता येईल? परीक्षेच्या घाईत तिने 3 तास लिहिले होते, निम्मे. आमचे थोरले भावोजी रापणकर, शाळा चौथीपर्यंत. ते ओटीवर जाळे दुरुस्त करीत बसले होते. म्हणाले, "वारो येताना पाठीर आसा मा? मगे येवक वेळ कमी लागतलो. निम्म्यापेक्षा जास्त वेळ फुडे जावक व्हया." उत्तर 3 तास 20 मिनिटे आहे.

भावोजींना 20 मिनिटे सांगता आली नसती, हे मी मुद्दाम सांगते. वारा अंगावर घेतलेल्या माणसाला कुठली बाजू जड ते कळते. आकडा काढायला मात्र वही लागते, आणि वहीला निवांत वेळ लागतो. तिने तसल्या गणितांच्या दोन वह्या भरल्या. इंधन बदलायचे, वारा बदलायचा, पुन्हा मांडायचे. वाऱ्याचे आणखी एक गंमतीचे आहे. हवामानाच्या लेखी अहवालात वाऱ्याची दिशा खऱ्या उत्तरेवरून देतात, आणि उतरताना मनोऱ्यावरून तोंडी सांगतात ती होकायंत्राच्या चुंबकीय उत्तरेवरून. वारा तोच, उत्तरा दोन. हे ऐकून भावोजींनी जाळे खाली ठेवले आणि तंबाखू मळायला घेतली.

दुसऱ्या खेपेला कुडाळ स्टेशनवर गाडी सुटताना बाळ माझ्या कडेवर होते. ते रडले, तिने खिडकीतून वही दाखवली. निकालात 74 गुण आले. कप्तान होण्यासाठी अजून प्रत्यक्ष उड्डाणाची चाचणी आणि कंपनीचे शिक्षण पुढे आहे, तेव्हा पेढे आताच मागू नका.

तिची पुस्तके, जोशींचे हवामानाचे, बालींचे नियमांचे आणि त्या दोन वह्या, मी मंडळाच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवली आहेत, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. अकरावी-बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घेतलेल्या मुलींनी येऊन पाहावीत. किल्ली माझ्याकडे असते. मी दुपारी 3 नंतर घरीच असते.