रिकामा वाद्यवृंद

मागच्या डिसेंबरात आमच्या दहावीच्या वर्गाचा मेळावा झाला. १९८५ सालची आमची बॅच. चाळीस वर्षांनी भेटलो, तेव्हा निम्म्यांना केस नव्हते आणि उरलेल्यांना साखर होती. खाडीकाठच्या एका हॉटेलच्या गच्चीवर जेवणं झाली. हॉटेलवाल्यानं लॅपटॉप, दोन माइक आणि भिंतीवर एक पांढरा पडदा लावून ठेवला होता. कराओके!

सुरुवात अर्थातच किशोरकुमारनं झाली. मग रफी, मग मुकेश. माझी पाळी आली तसा एकजण म्हणाला, "तू कवी माणूस, त्यात तुमच्या घरात उर्दू. होऊन जाऊ दे एखादी गझल." चाळीस वर्षं जे सांगत आलो तेच पुन्हा सांगितलं. बाबांनो, आमच्या घरात कोकणी बोली, शाळा तुमच्याच बाकावर, कविता मराठीत. उर्दू मी बोट ठेवून वाचतो. सगळे हसले. "मग काय म्हणतोस?" मी म्हटलं, "जिम रीव्हज." क्षणभर शांतता. मग लॅपटॉपवाला पोरगा म्हणाला, "आहे ना काका!" आणि त्यानंतर दोन तास त्या गच्चीवर मराठी माध्यमातले छप्पन वर्षांचे बाप्ये फक्त इंग्रजी गाणी म्हणत होते.

ही गाणी आमच्याकडे आली कुठून? माझ्यापुरतं सांगतो. माझे मामू बोटीवर खलाशी होते. दहा-दहा महिने दर्यावर. १९८०च्या सुमारास त्यांनी एक टेपरेकॉर्डर आणि पंधरा-वीस कॅसेटी आणल्या. टॉम जोन्स, बोनी एम, जॉन डेन्व्हर. रात्री पडवीत टेप लागली की अर्धी वाडी कुडाशी येऊन बसायची. शब्द कुणालाच कळत नसत. आम्ही नुसते आवाज पाठ केले. ज्या जागी शब्द ऐकू येत नसे, तिथं आपल्या पदरचं काहीतरी कोंबायचं. पुढं मी बी. ए. झालो, कवितासंग्रह निघाले, पण ती गाणी डोक्यात तशीच राहिली, निव्वळ आवाज म्हणून.

कराओकेची गंमत अशी की तो शब्द पडद्यावर दाखवतो. पळवाट बंद!

हा शब्द जपानी आहे. 'कारा' म्हणजे रिकामं आणि 'ओके' हे ऑर्केस्ट्राचं लघुरूप. रिकामा वाद्यवृंद, म्हणजे साथ आहे आणि गाणारा नाही. १९६७ साली टोकियोत शिगेइची नेगिशी यांनी असं एक यंत्र बनवलं. हाताखालच्या माणसानं त्यांच्या गुणगुणण्याची थट्टा केली होती, असं सांगतात. १९७१ साली कोबे शहरात दाइसुके इनोउए या वादकानं स्वतंत्रपणे तेच केलं. त्यांच्या साथीशिवाय गाता न येणारा एक कारखानदार सहलीला निघाला होता, त्याला त्यांनी साथ टेपवर भरून दिली. मग अशी अकरा यंत्रं बनवून भाड्यानं दिली. पेटंट मात्र घेतलं नाही. २००४ साली त्यांना विनोदी समजलं जाणारं इग नोबेल मिळालं, तेही शांततेचं. कारण काय, तर लोकांना एकमेकांना सहन करायला शिकवलं! नेगिशी २०२४ साली गेले.

आता आमच्या वयाच्या पुरुषांनी कोणती गाणी घ्यावीत? अनुभवाचे चार बोल सांगतो. जिम रीव्हज सर्वांत सोयीचा. आवाज खर्जातला, चाल संथ, धाप लागत नाही. फ्रँक सिनात्राचं 'माय वे' प्रत्येकाला आपलं आत्मचरित्र वाटतं, म्हणून जरा जपून. फिलिपिन्समध्ये ते गाण्यावरून खून पडल्याच्या बातम्या आहेत. ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' साडेसहा मिनिटांचं. शेवटची दोन मिनिटं नुसत्या गिटारी. तेवढा वेळ गायक माइक धरून उभा, वऱ्हाड गेल्यावर मांडवात उभ्या राहिलेल्या मुलीच्या बापासारखा. आणि ब्रायन ॲडम्स घ्यायचा असेल तर आधी पट्टी दोन-तीन सुरांनी खाली उतरवा. त्याचं बटण असतं. विशीतली पट्टी आता आपली नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

तर त्या रात्री आमचा एक वर्गमित्र उठला. वायरमन आहे. शाळेतही कमी बोलायचा. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत त्याची बायको गेली. आत जायला परवानगी नव्हती. शेवटचे नऊ दिवस दोघांचं बोलणं फोनवर, तेही "जेवलीस का", "मुलं बरी आहेत" एवढंच. त्यानं स्टीव्ही वंडरचं १९८४ सालचं गाणं मागितलं, 'आय जस्ट कॉल्ड टू से आय लव्ह यू'. गाण्यात विशेष काही घडत नाही. ना सण, ना वार. एक माणूस सहज फोन करतो, एवढंच. हा आमचा मित्र बेसूर गायला. उच्चार तर विचारूच नका. पण एकही ओळ सोडली नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खाली बसल्यावर तो मला हळूच म्हणाला, "मराठीत नसतं जमलं रे."

मी मराठीत लिहिणारा माणूस. ते वाक्य मला अजून सोडत नाही.

शेवटी मी मामूंचं आवडतं गाणं घेतलं, जॉन डेन्व्हरचं 'टेक मी होम, कंट्री रोड्स'. तेही १९७१चंच. वेस्ट व्हर्जिनियानं २०१४ साली त्याला राज्यगीताचा मान दिला. पडद्यावर शब्द सरकू लागले आणि मी पहिल्यांदाच ते नीट वाचले. घराकडं निघालेल्या माणसाचं गाणं आहे ते. दहा महिने दर्यावर राहून आलेला आमचा मामू पडवीत बसून हेच म्हणत होता, आणि आम्ही त्यावर नाचत होतो.

दुसऱ्या दिवशी मामूंकडे गेलो. आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. मोठ्या उत्साहानं म्हटलं, "मामू, त्या गाण्याचा अर्थ काय आहे, ठाऊक आहे तुम्हाला?"

ते म्हणाले, "मना मालूम होता. बोटीवरच्या गोव्याच्या कुकला इचारून घेतलेला."

"मग आम्हाला कधी सांगितलं नाहीत?"

मामूंनी आत स्वयंपाकघराकडं पाहिलं. मामी भाकऱ्या थापत होत्या. आवाज खाली आणून म्हणाले, "तुजे मामीसमोर कसा सांगू?"