सही करण्याआधी

आज इमारतींत हरवलेली आपली पनवेलची गावं एकेकाळी भाताची होती. आवणीला दिवसभर चिखलात वाकायच्या त्या बायाच.

१९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन संपादनात आली. जानेवारी १९८४ मध्ये योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन पदरात पडली.

पण मोबदला मिळतो सातबाऱ्यावरच्या नावाला. राबणारीचं नाव तिथे क्वचितच. आता वाटणी निघाली की लेकीपुढे हक्कसोडपत्र येतं. भावाशी वाईटपणा नको, माहेर तुटायला नको, म्हणून ती न वाचताच सही करते.

२००५ च्या दुरुस्तीपासून हिंदू वारसा कायद्यात लेकीला, लग्न झालेलं असो वा नसो, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे. तो ठेवायचा की सोडायचा, ते तुम्ही ठरवा. पण आधी सातबारा काढा, कागद वाचून घ्या. मगच पेन हातात धरा.