हंगामाबरोबर हरवणारे बालपण

(एका कौटुंबिक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



दिवाळीच्या सुमारास आपल्या घरांत फराळाचे डबे भरले जात असतात. त्याच दिवसांत बीड जिल्ह्यातील शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांतील अनेक घरांना कुलपे लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, धान्याची पोती, कोंबड्या, शेळ्या आणि त्या सामानावर बसलेली मुले असा हा प्रवास सुरू होतो. जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगरचा पाथर्डी परिसर, नाशिक-जळगावचे काही तालुके येथूनही माणसे निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे आणि सीमेपलीकडचा बेळगाव हे त्यांचे मुक्काम असतात. महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांची संख्या सर्वसाधारणपणे आठ ते दहा लाख सांगितली जाते. त्यांच्यासोबत जाणारी मुले मात्र कोणाच्याही हजेरीपटावर नसतात. आजचा माझा विषय ही मुले हा आहे.

ऊसतोडीच्या व्यवहारात माणूस मोजला जात नाही, 'कोयता' मोजला जातो. पती-पत्नी मिळून एक कोयता. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पाच-सहा महिने ती अंगमेहनतीने फेडायची. आई आणि वडील दोघेही त्या हिशेबात बांधलेले असल्याने मागे मुलाजवळ थांबणार कोण? आजी-आजोबा धडधाकट असतील तर मूल गावी राहते, नसतील तर ते फडावर जाते. पहाटे अंधारातच आई-वडील ऊस तोडायला निघतात. आठ-नऊ वर्षांची मुलगी कोपीवर थांबते, पाणी भरते, धाकट्या भावाला कडेवर घेते. तिच्या नावापुढे शाळेत गैरहजेरी लागते, पण प्रत्यक्षात ती एका घराची जबाबदारी पेलत असते.

वर्ष अर्धे, शिक्षणही अर्धे

शाळा जूनमध्ये सुरू होते आणि ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे या मुलाला शाळेचे पहिले सत्र मिळते आणि दुसरे हुकते. पहिली ते आठवी असे प्रत्येक वर्षी घडले, तर आठ वर्षांच्या शिक्षणातील चार वर्षे त्याच्या हातून गेलेली असतात. आठवीच्या वर्गात बसलेल्या मुलाला भागाकार येत नाही म्हणून आपण त्याच्या बुद्धीला दोष देतो. त्याला जो धडा शिकवलाच गेला नाही, त्याची परीक्षा आपण घेत असतो.

कायदा या मुलांना विसरलेला नाही. २००९चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, असे त्याच्या नवव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. मुलाला वयानुरूप वर्गात घ्यावे आणि दाखल्याच्या अभावी प्रवेश अडवू नये, हेही त्यात आहे. महाराष्ट्रात त्यासाठी शिक्षण हमी कार्डाची व्यवस्था झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्येही स्थलांतरित मजुरांच्या मुलांचा वेगळा उल्लेख आहे.

मग अडते कोठे? पूर्वी स्वयंसेवी संस्थांच्या पुढाकाराने कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालत. नियमित शाळेतच प्रवेश द्यावा, हे धोरण आल्यावर त्यांतील बहुतेक बंद झाल्या. तत्त्व म्हणून ते धोरण योग्यच होते. परंतु कोपीपासून नियमित शाळा दोन-तीन किलोमीटरवर असते, मधे उसाच्या वाहनांनी भरलेला रस्ता असतो, आणि टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलली की शाळाही बदलते. सीमा ओलांडून कर्नाटकात गेलेल्या मुलापुढे तर भाषाच परकी उभी राहते. गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे आणि ती अत्यंत उपयुक्त आहे. पण ती वेळेवर सुरू व्हायला हवी. टोळी निघून गेल्यावर मंजुरी आली, तर मूल तोवर ट्रॉलीत बसलेले असते.

लस थांबते, आजार थांबत नाही

आरोग्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार बाळाला जन्मल्यावर पहिल्या लसी, नंतर सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पुढील मात्रा, आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची लस द्यायची असते. आता पंचांग समोर ठेवा. दसऱ्याच्या सुमारास जन्मलेल्या बाळाच्या सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या तिन्ही मात्रा ऐन हंगामात येतात. हनुमान जयंतीच्या सुमारास जन्मलेल्या बाळाची गोवराची लस जानेवारीत येते, म्हणजे तीही फडावरच. त्या बाळाचे नाव गावच्या अंगणवाडीच्या नोंदवहीत असते आणि बाळ दोनशे किलोमीटर दूर उसाच्या पाचटाशेजारी झोळीत झोपलेले असते.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अंगणवाडीचा पूरक आहार, वजनाची नोंद आणि शाळेतील माध्यान्ह भोजन हा गरीब घरातील मुलांचा मोठाच आधार आहे. गाव सुटले की हे तिन्ही एकदम सुटतात. ज्या महिन्यांत आईला स्वयंपाकालाही वेळ नसतो, नेमक्या त्याच महिन्यांत मुलाचे हक्काचे ताट हरवते. गावची सेविका म्हणते, कुटुंब बाहेर गेले आहे. कारखान्याकडील सेविका म्हणते, कुटुंब आमच्या यादीत नाही. दोघींचेही कागद खरे असतात, आणि मूल उपाशी असते.

शासन आणि समाज

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एका राज्यातील शिधापत्रिका दुसऱ्या राज्यात चालण्याची सोय २०२२पर्यंत देशभर पोहोचली. स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी संगणकीय प्रणाली महाराष्ट्राने उभारली. संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत २०२१मध्ये ४१ तालुक्यांत मुला-मुलींसाठी ८२ वसतिगृहे ठरली. प्रत्येकाची क्षमता १०० धरली, तरी ही सोय ८,२०० मुलांची होते. कामगारांच्या संख्येशी ताडून पाहा, म्हणजे उरलेले काम केवढे आहे ते कळेल.

हे उरलेले काम समाजाचे आहे, आणि त्याची वाट या मातीत पूर्वीच मळलेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा विचार त्यांनी कृतीत उतरवला. भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी तुळजापूरजवळ यमगरवाडीला निवासी शाळा उभी राहिली. तेथे संस्कारांइतकेच पोटभर अन्न आणि पाठीवरचा हात महत्त्वाचा ठरला. शिरूर कासार तालुक्यातील आर्वीच्या शांतिवनात ऊसतोड कामगारांची मुले शिकत आहेत. या कामांना आरंभी धनापेक्षा माणसे लागली.

आपण काय करावे?

तुमच्यापैकी अनेकांची घरे साखर कारखान्यांच्या पंचक्रोशीत आहेत. हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात तळावर जा आणि चौदा वर्षांखालील मुलांची यादी करा. ती शाळेच्या मुख्याध्यापकांकडे आणि अंगणवाडी सेविकेकडे द्या, आणि प्रवेश होईपर्यंत पाठपुरावा करा. आपल्यात वैद्यक व्यावसायिक आहेत. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सहकार्याने तळावर लसीकरणाचा दिवस ठरवावा, आणि तोही फडाची सुट्टी पाहून. निवृत्त शिक्षकांनी संध्याकाळचा एक तास तेथे द्यावा. ज्यांची मुळे मराठवाड्यातील गावांत आहेत, त्यांनी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव सप्टेंबरमध्येच मार्गी लागला की नाही, हे पाहावे. मुलगी गावी सुरक्षित राहिली आणि शाळेत टिकली, तर तिच्या लवकर लग्नाची घाईही कमी होते.

आणि एक विनंती. तेथे जाताना वही-पेन्सिलींचे वाटप करून, छायाचित्र काढून परतू नका. नाव विचारा आणि पुढच्या आठवड्यात त्याच नावाने हाक मारा. ज्याला कोणी नावाने ओळखते, ते मूल सहसा यादीतून निसटत नाही.

समाज एकसंध व्हावा, असे आपण नेहमी म्हणतो. त्या एकसंधतेचा कस उत्सवाच्या मंडपात लागत नाही. आपल्या गावाच्या शिवारात सहा महिने राहून गेलेल्या मुलाला या गावाने आपले मानले की नाही, तेथे तो लागतो. यंदाच्या हंगामात प्रत्येक शाखेने, प्रत्येक मंडळाने, निदान प्रत्येक कुटुंबाने एका तळाची जबाबदारी घ्यावी, एवढेच मागणे मांडून मी थांबतो.