भग्न वास्तूंची कार्डे



डेराबस्सीत, अंबाल्याच्या रस्त्यावर, संसार थाटलेल्या आम्हां मराठी मंडळींनी युरोपातील पडक्या देवळांची पोस्टकार्डे जमवावीत, याचे आपणांस नवल वाटेल. फुलापाखरांची चित्रे सोडून हे भग्नावशेष घरात कशाला, हा प्रश्न आमच्या स्वयंपाकघरांतूनही उमटलेला आहे!

यांतील बहुतेक कार्डे पहिल्या महायुद्धातील. १९ सप्टेंबर १९१४ रोजी जर्मन तोफगोळ्यांनी रँसचे कॅथीड्रल पेटले. दुरुस्तीसाठी बांधलेल्या लाकडी परांचीने आग धरली आणि छपराचे शिसे वितळून वाहिले. त्या दृश्याची कार्डे उदंड निघाली, कारण शत्रूच्या रानटीपणाचा इतका स्वस्त पुरावा दुसरा नव्हता. संग्राहकाने सावध व्हावे ते येथेच.

आल्बेर गावच्या चर्चचेच पाहा. शिखरावरील मेरीची सोनेरी मूर्ती जानेवारी १९१५ मध्ये गोळा लागून कलंडली आणि बाळासह तीन वर्षे तशीच अधांतरी लोंबत राहिली. ती कोसळेल तेव्हा युद्ध संपेल, अशी सैनिकांची समजूत होती. मार्च १९१८ मध्ये गाव जर्मनांच्या हाती गेले. मनोऱ्याचा टेहळणीस उपयोग होऊ नये म्हणून एप्रिलात तो पाडला, तो ब्रिटिशांच्याच तोफांनी. गोळा कोणाचा, हे चित्र सांगत नाही. त्यासाठी तारीख हवी.

दुसऱ्या महायुद्धातील माँते कासिनोचा मठ १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्तांच्या विमानांनी जमीनदोस्त केला. जर्मन सैन्य त्यात नव्हते. ते ढिगाऱ्यात शिरले मागाहून. मे महिन्यात त्याच परिसरात आठव्या भारतीय डिव्हिजनने गारी नदी ओलांडली. तिच्या एकाच ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली आणि पंधराव्या पंजाब रेजिमेंटची तिसरी पलटण होती. पंजाबातील मराठी मंडळास याहून जवळचे कार्ड ते कोणते? मठ पुन्हा उभा राहिला आणि १९६४ मध्ये त्याची विधिपूर्वक प्रतिष्ठापना झाली. दोन्ही रूपे आम्ही शेजारी ठेवली आहेत.

कार्डाची मागील बाजू तर आम्हांस अधिक मोलाची. तीवर तारीख, टपालाचा शिक्का, क्वचित घरच्यांची ख्यालीखुशाली असते. काही कार्डांवर सेन्सॉरने गावाचे छापील नाव खोडलेले आढळते. अशी कार्डे खराब समजून कोणी टाकू नयेत. वहीत डिंकाने तर मुळीच चिकटवू नयेत. कागदी कोपऱ्यांत बसवावीत. आज मंडपात ती दोरीवर टांगली आहेत. मुलांनी हात पुसून खुशाल उलटून पाहावीत.